पिशवीचा निकाल

नवशिक्यांना गाडी शिकवणाऱ्या मावशी तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या, तेव्हा डॉक्टरबाई मावशींच्या मुलाशी दबक्या आवाजात बोलत होत्या. मावशींनी खुर्ची ओढली आणि दोघांच्या मध्येच बसल्या.

"गाठ माझी आणि कुजबुज त्याच्याशी? मला सांगा."

डॉक्टरबाईंनी मग आडपडदा ठेवला नाही. गर्भपिशवीचा कॅन्सर होता, तोही क्वचित आढळणारा. गाठीत काही पेशी पिशवीच्या अस्तरासारख्या होत्या, तर काही स्नायूंसारख्या.

"पूर्वी वाटायचं, दोन वेगळे कॅन्सर एकत्र आलेत. आता बहुतेकांचं मत आहे, की दोन्ही एकाच पेशीतून फुटतात."

"म्हणजे एकाच आईची दोन वळणाची कार्टी! बरं, मी टिकेन किती?"

"पिशवी काढू, केमो देऊ. पण खोटं कशाला बोलू? निम्म्याहून जास्त बायका पाच वर्षं गाठत नाहीत."

"बाकीच्या गाठतात ना? मग मला त्यांच्यात धरा आणि ऑपरेशनची तारीख द्या."

मुलाचा बांध फुटला. "आई, त्या काय म्हणाल्या ते ऐकलंस ना तू?"

मावशींनी तळहाताने त्याचे डोळे पुसले.

"अरे, मला मूल होणार नाही असं या पिशवीने सांगितलं, तेव्हा तरी मी तिचं कुठे ऐकलं? तडक अनाथाश्रमात गेले आणि तुला कडेवर घेऊन आले. आता ती मर म्हणतेय, तर लगेच ऐकू होय?"