कोस्तिनचं लायसन्स

"आधी सगळं दुसरीकडे उतरवून घे, आई. मगच जुन्याला हात लाव."

कोस्तिनचा आवाज स्मारांदाच्या कानात अजून तसाच होता. अठरा वर्षांचा असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून त्याने तिला हे शिकवलं होतं. तिने चर्चच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला आणि दोन्ही याद्या उतरवून घेतल्या. एक जिवंतांची, एक मृतांची.

उद्या पितरांचा शनिवार. सगळ्या गावाची नावं वेदीपुढे वाचली जाणार होती आणि प्रिंटर दोन आठवडे रुसून बसला होता. कॉम्प्युटर कुणीतरी दान दिलेला. आतली सिस्टीम इतकी जुनी की प्रिंटरशी जुळेना, त्यात चोरीची. तसं पडद्याच्या कोपऱ्यात लिहूनच यायचं. फादर गाव्रिल त्यावर कागद चिकटवून काम भागवत.

बसस्टँडवरचा एक जण बिअरच्या बाटलीवर नवी सिस्टीम टाकून द्यायला तयार होता, तीही तसलीच. स्मारांदाने नको म्हटलं. देवाच्या घरात चोरीचं कशाला, माझ्या कोस्तिनचं लायसन्स आहे, ते वापरू, असं ती फादरना म्हणाली.

कोस्तिनचं नाव निघालं की हुशी गावातले लोक आवाज उतरवत. सहा वर्षांपूर्वी ती या गावात आली तीच काळा रुमाल बांधून. पहिल्याच शनिवारी तिने मुलाचं नाव मृतांच्या यादीत लिहिलं. कसा गेला, हे कुणी विचारलं नाही. त्याच्या नावाने उकडलेल्या गव्हाचा प्रसाद तिने कधी आणला नाही. एकट्या बाईला झेपत नसेल, असं म्हणून शेजारणी आपल्यातलाच वाटा त्याच्या नावाने ठेवत.

चर्चमध्ये स्तोत्रं म्हणणारा पेत्राके सकाळपासून तिच्या मागे खुर्ची टाकून बसला होता. मागे एकदा याद्यांची अदलाबदल झाली होती आणि त्याचं नाव मृतांत वाचलं गेलं होतं. जिवंत माणसाचं नाव तिकडे गेलं की आयुष्य घटतं, हे तो दर दहा मिनिटांनी सांगत होता. तेव्हापासून त्याचा गुडघा दुखत होता.

"माझ्यावर लक्ष असू द्या," तो म्हणाला. "एकदा मेलोय, पुरे झालं."

स्मारांदा हसली. शुक्रवारचा उपास होता, सकाळपासून पोटात फक्त पाणी होतं. पडद्यावर टक्के चढत होते. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत सुरू झाला की पेत्राके छातीवर क्रूस काढायचा. तिसऱ्या वेळी नवी सिस्टीम उघडली आणि तिने लायसन्सची चावी, म्हणजे त्यावरची सांकेतिक अक्षरं, मागितली.

स्मारांदाने पिशवीतून पाकीट काढलं. आत चावी आणि खरेदीची पावती होती. पेत्राकेने पावती उलटसुलट करून पाहिली.

"नाव कोस्तिनचंच आहे. पण असल्या चाव्या बाजारात वांग्यांसारख्या मिळतात, स्मारांदाबाई. नाही चालली तर?"

"चालेल."

"नाही चालली तर पोराच्या नावाला बट्टा लागेल. उगाच कशाला?"

"म्हणूनच टाकतेय, दादा."

पंचवीस अक्षरं. तिने त्याला एकही वाचू दिलं नाही. बोट ठेवून, ओठ हलवत, तिने एकेक स्वतः टाकलं. मग शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. तिने डोळे मिटून प्रार्थना म्हटली, ती संपली, परत पहिल्यापासून म्हटली.

लायसन्स वैध आहे. सिस्टीम अ‍ॅक्टिव्हेट झाली आहे.

पेत्राकेने हे मोठ्याने वाचलं, तसे फादर आतून आले. कोपऱ्यात आता काहीच लिहून येत नव्हतं. फादरनी जुना चिकटवलेला कागद नखाने खरवडून काढला आणि ते हसले. स्मारांदा ताठ उभी होती. "माझ्या मुलाने विकत घेतलंय," ती म्हणाली. मग तेच पुन्हा एकदा म्हणाली.

पेत्राकेने टोपी काढली. "चुकलो. सचोटीचं पोर होतं तुमचं."

 खाली बसून तिने दोन्ही याद्या उघडल्या, थोडा वेळ काम केलं आणि छापायला दिल्या.

फादर कागद चाळता चाळता थांबले. मृतांच्या यादीत कोस्तिन नव्हता. तो जिवंतांच्या यादीत होता, सगळ्यांत शेवटी. नजरचूक झाली असेल, असं म्हणत त्यांनी पेन उचललं.

स्मारांदाने हलकेच त्यांचा हात धरला. "चूक आधीची होती, फादर. चोरीच्या चाव्या विकताना पकडला गेला, तेव्हा मी त्याला तिकडे लिहिलं. तुरुंगातून सुटला, की पहिल्या पगारातून एक खरी घेऊन दाखव, मग येईन, असं त्याला कळवलं होतं. हे पाकीट त्यानेच बिर्लादहून पाठवलंय." तिने काळा रुमाल सोडला, घडी करून टेबलावर ठेवला आणि बिर्लादच्या बसची वेळ पेत्राकेला विचारून बाहेर पडली.