घर कोण बघंल?

क्रांतीने संस्थेची गाडी वळणावरच थांबवली आणि एकटीच अंगणात आली. पाटणच्या, घरोघर फिरणाऱ्या आशाताईकडून निरोप होता : त्या बंगल्यात एक बाई कित्येक वर्षं अडकलीय, नुसती राबते, बाहेर पडत नाही. नाव कळलं नव्हतं. मालक चारला परतणार होता. तो आला की पुन्हा या दारात पाऊल ठेवता येणार नव्हतं.

दुपार पेंगुळली होती. कोयनेकडचं धुकट ऊन अंगणात तरंगत होतं, आणि त्यात सगळंच जरा लांब वाटत होतं.

भिंतीशी एक म्हातारी घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. विटलेलं लुगडं, हातात बांगडीही नाही. घरातून दुसरी बाई लगबगीने आली. चाळिशीची, जरीची साडी, कमरेला किल्ल्या. पोलकं मात्र खांद्यावरून सारखं घसरत होतं.

"बसा की! मी धोंडुबाई. ह्या आक्का. बोलत न्हाईत फारशा."

"आरोग्याची माहिती घेतेय," क्रांती म्हणाली.

"आमच्यात समदी ठणठणीत! डागदर उपाशी मरंल." ती हसली. "मी म्हसवडची. एवढीशी हुते, तवा हितं आले. सिद्धनाथाच्या जत्रंला दर साली जायचं म्हंते. पर घर कोण बघंल?"

"तुम्हीही बसा ना."

"नगं. उभ्यानंच बरं वाटतं." ती चहा ठेवायला आत गेली.

क्रांती म्हातारीजवळ सरकली. "आजी, तुमच्याकडे फोन आहे?"

"कुटला गं!"

"आधार कार्ड?"

"त्याच्या कपाटात. समद्यांची तितंच."

"गावाला शेवटच्या कधी गेला होतात?"

म्हातारीने डोळे मिटले. "सपनात जाते कवाकवा. नदी दिसती. पल्याड कोण तरी हाक मारतं."

आत कपबश्या वाजल्या. वेळ थोडा होता. क्रांतीने तिचा हात धरला.

"आजी, निरोप पोचला आम्हाला. गाडी वळणावर आहे. राहायची सोय केलीय, वकीलबाई आहेत, कुणी परत ओढून आणणार नाही. अशाच चला."

म्हातारीने हातातली शेंग खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले.

"पोचला व्हय," ती पुटपुटली. "आशाबाईला दोनदा सांगितलं. मला वाटलं, म्हातारीची बडबड म्हणून सोडून दिलं."

"चला, उठा."

"मी कुटं येऊ, बाय? मालकाची आय हाय मी. न्यायचं ते धोंडीला. पर जपून सांग. आपण हितली लेक हाय, आसं वाटतं तिला."