बिननावाचा जंतू

"रक्तात काहीच उगवलं नाही," अतिदक्षता विभागाच्या दारात उभं राहून डॉक्टर प्यो म्हणाल्या.

दोक्सूला ते पटेना. जंतूंचं विष अंगभर पसरून बापाचा रक्तदाब कोसळलाय, असं याच बाईंनी सांगितलं होतं. आणि आता म्हणे जंतूच सापडत नाही!

"म्हणजे जंतू नव्हताच?"

"असणार. पण तुमच्या पत्नीने त्यांना आधी गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन जंतू मारणारं इंजेक्शन देववलं, आम्ही रक्त घेतलं ते त्यानंतर. मग पुष्कळदा जंतू हाती लागत नाही."

"ऐकलंस?" दोक्सू बायकोवर उखडला. "आधी काहीबाही खाऊ घातलंस, आणि वर पुरावाही घालवलास!"

"अहो, ताप किती चढला होता..."

"स्वयंपाक कोण करतं घरात? मी करतो?"

योनसिमने पिशवी उचलली. घरी जाऊन येते म्हणाली आणि निघाली.

बाकावर दोक्सूची बहीण गुमरान बसली होती. तिने वहिनीला जाताना पाहिलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, कच्चा मासा खाल्ला होता का. योनसिम ताडकन म्हणाली होती, "छे! यकृत खराब आहे मामंजींचं. मी घरात येऊच देत नाही." खरंच होतं ते. घरात येत नव्हता. गुमरानच बाबांना घेऊन रविवारी बंदरावर गेली होती.

जोनो मासा या दिवसांत चरबी धरतो. सगळं मासान शहर त्याच्यासाठी वेडं होतं, मग बाबांनी काय घोडं मारलंय, असं तिला वाटलं होतं. "तुझी वहिनी मला सशासारखा पाला चारते गं," बाबा म्हणाले होते. तिने हिरव्या पानात कच्च्या माशाच्या चकत्या, लसूण, तिखट घालून घास वळला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. असा हातावरचा घास तिथे कोणी परत करत नाही. बाबांनी तर डोळे मिटून आ केला. मग दुसरा, मग तिसरा. वहिनीला सांगायचं नाही, असं दोघांनी हसत हसत ठरवलं होतं.

तिने डॉक्टरांना लिफ्टपाशी गाठलं.

"डॉक्टर, त्यांनी कच्चा मासा खाल्ला होता. मी चारला."

डॉक्टर प्यो थांबल्या. "माशातल्या जंतूवरचं औषधही पहिल्या दिवसापासून चालू आहे. नाव कळेपर्यंत आम्ही थांबत नाही. जंतूचं नाव सापडलेले रुग्ण काय, न सापडलेले काय, वाचणारे वाचतात, जाणारे जातात."

"पण माझ्यामुळेच ना?"

"ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

गुमरानला एकदम हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं याची तिला इतकी लाज वाटली की लिफ्ट आली तरी ती तिथेच उभी राहिली. बाबांसाठी आता बोलण्यात काही अर्थ नव्हता. वहिनीसाठी होता. टॅक्सी करून ती थेट भावाच्या घरी गेली. वाटेत मनात वाक्य जुळवत होती.

योनसिम गच्चीवर होती. बाह्या वर सारून, पाण्याची नळी घेऊन ती मोठा मातीचा रांजण घासत होती. शेजारी कचऱ्याच्या पिशव्यांत आंबवलेल्या सोयाबीनचं काळपट वाटण ओतलेलं होतं. गुमरानच्या आईने मरण्याआधी घातलेलं, दरसाल त्यात नवं मिसळून योनसिमने जिवंत ठेवलेलं.

"वहिनी! हे काय केलंत?"

"यातच काहीतरी गेलं असणार, वन्सं." योनसिमचे डोळे सुजले होते. "रोज यातलंच घालत होते त्यांना. दुसरं काय दिलं मी? तुम्हीच सांगा, दुसरं काय दिलं?"

गुमरानने तोंड उघडलं. जुळवून आणलेल्या वाक्यातला एकही शब्द बाहेर येईना.

"जरा वास घेऊन बघता?" योनसिम बाजूला सरली. "रडून माझं नाक चोंदलंय. आत काही राहिलं नाही ना?"

गुमरानने ओणवं होऊन रांजणात डोकं घातलं. इतकं घासूनही आत आईच्या हाताचा वास तसाच होता.

"नाही वहिनी," ती आतूनच म्हणाली, "काही राहिलं नाही." आणि तिला डोकं बाहेर काढवेना.