भर उन्हातला दिवा

"ओ भाऊ, लाईट!" समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं हात वर करून पंजा मिटला-उघडला.

"ऑटोमॅटिक हाय!" काकासाहेब मोटारसायकलवरून तितक्याच जोरात ओरडला.

मागे बसलेल्या त्याच्या बायकोनं, शिवकन्येनं, पदर सावरला. तीर्थपुरीहून अंकुशनगरला पोचेपर्यंत हे असंच चालायचं. काकासाहेब अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वायरमन. गाडी सुरू झाली की पुढचा दिवा आपोआप लागावा, अशी जोडणी त्यानं घरीच केली होती. परदेशात गाड्या दिवसाही दिवे लावून धावतात, हे त्यानं रेडिओवर ऐकलं होतं. उसाच्या ट्रॉल्यांच्या धुरळ्यात समोरच्याला आपली गाडी दिसली पाहिजे, हे त्याचं म्हणणंही खरंच होतं. पण रस्त्यावरच्या लोकांना ते कोण सांगणार? दिवसा दिवा दिसला की ज्याचा त्याचा हात उठायचा.

शिवकन्येची आई कारखान्याच्या कॉलनीत राहायची. तिला बरं नव्हतं, म्हणून शिवकन्या नवऱ्याबरोबर रोज जा-ये करू लागली. आणि तिचं डोकं फिरलं.

वाटेतल्या फाट्यावर बेबीनंदाची पिठाची गिरणी होती. गाडी दिसली की ती दारात यायची आणि पिठानं पांढरा झालेला हात वर करायची. पंजा मिटायचा, उघडायचा. तिला मात्र काकासाहेब ओरडून काही सांगायचा नाही. नुसती मान हलवायचा.

"सगळ्यायला ऑटोमॅटिक सांगता. तिलाच का न्हाई?"

"गिरणीच्या आवाजात ऐकू जातंय का? काहीबी डोक्यात घेऊन राह्यली तू."

उत्तर बिलकुल बराबर होतं. पण बराबर उत्तरानं जळणारं मन थोडंच विझतं? तो ओव्हरटाइमला थांबला की ती आईकडेच मुक्कामाला राहायची, आणि तिथे परातीतलं पीठ पाहूनही तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अगं, दिवा दिसला की मीबी हात करते," आई म्हणाली. "माणुसकी असती ती. असा जावाई दिवा घिऊन हुडकला तरी घावणार न्हाई."

शिवकन्येला पटलं. जवळजवळ पटलं. तरी दिवाच लागला नाही तर तो पांढरा हात कशाला उठेल, हा विचार काही जाईना. काकासाहेबानं कौतुकानं दाखवलेली दिव्याच्या जोडणीची पिवळी तार तिच्या ध्यानात होती. सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा तिनं ती ओढून काढली. दिवा लागला की नाही, हे उन्हात चालवणाऱ्याला कुठे कळतं?

त्या दिवशी सायकलवाला आला आणि मुकाट्यानं गेला. टपरीवरच्या म्हाताऱ्यांनी मान वर केली आणि परत चहात घातली. एकही हात उठला नाही.

"आज कोणी टोकलं न्हाई," काकासाहेब खुशीत म्हणाला. "शिकले वाटतं लोक."

शिवकन्येला हसू आलं आणि लाजही वाटली. बिचाऱ्याचा उगीच छळ मांडला आपण. संध्याकाळी तार गुपचूप जोडून टाकायची, असं ठरवून तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

फाटा आला. गिरणी चालू होती. बेबीनंदा दारात आली. तिनं पांढरा हात वर केला. पंजा मिटला, उघडला.

काकासाहेबानं मान हलवली.

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "आज ओव्हरटाइम हाय बघ. तू आईकडंच ऱ्हाय."