आधी तू घे

"दारू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"कधीतरी, मैत्रिणींबरोबर?"

"अहो, मला तिचा वासही सहन होत नाही."

डॉक्टरीणबाई समोरचा कागद पुन्हा वाचू लागल्या. मुकादम खुर्चीच्या टोकावर बसली होती. हे नाव तिला अप्पांनी, म्हणजे वडिलांनी ठेवलेलं. ते जन्मभर लोकांच्या घरांत फरश्या बसवत आले आणि मुकादमांची बोलणी खात आले. घरी आले की सिमेंटचे हात धुतल्याशिवाय मुलगी कशाला शिवू द्यायची नाही. "कामावर एक मुकादम, घरी एक," असं ते म्हणायचे आणि हात धुवायला जायचे.

अप्पांचं लिव्हर निकामी झालं होतं. गुडघेदुखीवर बाजारातून आणलेल्या काढ्याने ते झालं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तिला पटलंच नव्हतं. झाडपाल्याचं औषध ते. गुण आला तर आला, अपाय तर काही नाही, असं सगळेच म्हणतात. आता तिच्या लिव्हरचा तुकडा अप्पांना बसवायचा होता. रक्तगट जुळला होता. "पोरीच्या पोटावर सुरी चालवून मला जगायचं नाही," म्हणून अप्पा अडून बसले होते. त्यांना काल तिने भांडभांडून राजी केलं होतं. राहिल्या होत्या फक्त तिच्या तपासण्या; त्यांचा कागद आज आला होता.

"एखादी गोळी? वजन कमी करायचं औषध? केसांसाठी काही?"

"काही नाही. मला साधी सर्दी होत नाही."

"तुमच्या लिव्हरलाही सूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरीच आहे. तुम्ही तो काढा घेत होतात का?"

"मी कशाला घेऊ? अप्पा घ्यायचे."

"अजिबात नाही?"

"नाही म्हणजे... फक्त दोन घोट." मुकादम थांबली. मग घाईघाईने सांगू लागली. "औषध म्हणून नाही हो. ते कडू जहर असायचं, अप्पा तोंडच लावेनात. मी लहान असताना औषध घ्यायची नाही, तर अप्पा आधी चमचाभर स्वतः प्यायचे, मग मला पाजायचे. आमच्या घरी तसंच आहे. आजारी माणसाला एकट्याने कडू प्यायला लावायचं नाही. आता ते म्हणायचे, आधी तू घे, मग मी. मी दोन घोट घ्यायची, मग ते उरलेला पेला संपवायचे."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

"आणि हे तेव्हा बोलला नाहीत?"

"तुम्ही अप्पांच्या औषधांचं विचारलं होतंत."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "काढा बंद केलाय ना? मग तुमचं बहुतेक भरून येईल," त्या म्हणाल्या. "पण त्याला महिने लागतात. वडिलांच्या हातात तेवढे दिवस नाहीत. घरात दुसरं कोणी?"

"आम्ही दोघंच."

"मग मृत दात्याचं लिव्हर मिळण्यासाठीच्या यादीत त्यांचं नाव आहेच," असं म्हणून त्यांनी कागद खाली ठेवला.

मुकादमला पहिला राग आला तो अप्पांचा. एवढा बाप्या माणूस, आयुष्य गुडघ्यांवर काढलं, आणि पेलाभर कडू एकट्याने घशाखाली ढकलता येत नाही? लगेच त्या रागाची तिला इतकी लाज वाटली की ती उठून उभीच राहिली.

"यातलं त्यांना काही सांगू नका," ती म्हणाली.

अप्पा खाटेवर हळकुंडासारखे पिवळे होऊन पडले होते. पोट फुगलं होतं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. डोळे मात्र खाली जमिनीवर.

"ये मुकादम. ती दारातली फरशी ऐकलीस? नर्सबाईंचा पाय पडला की बद्द वाजते. खाली पोकळ आहे. कुणीतरी माल वाचवलाय."

"पडून राहा गप्प."

"काय म्हणाल्या बाई? कधी कापतायत तुला?"

"नाही कापत." ती त्यांचं पांघरूण नीट करू लागली. ते नीटच होतं. "माझं लिव्हर लहान आहे म्हणे. तुम्हाला पुरायचं नाही."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. "जीभ एवढी मोठी, आणि लिव्हर लहान?"

तिला हसावं लागलं.

"लहान म्हणजे नुसतं लहानच ना? खराब नाही ना झालेलं?"

"नाही हो."

"नीट विचारलंस?"

"विचारलं, अप्पा. धडधाकट आहे."

अप्पांनी मोठा श्वास सोडला. सुजलेल्या पोटावरचा हात उचलून त्यांनी तिच्या मनगटावर ठेवला.

"काल मी हो म्हणालो ते कशासाठी, सांगू? त्या निमित्ताने तुझी तपासणी तरी होईल म्हणून. तो काढा तुलाही पाजत होतो ना मी. बाईंनी सांगितल्यापासून डोळ्याला डोळा नाही." त्यांना धाप लागली. "तुझं धड आहे ना, मग झालं. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मुकादमने मान डोलावली. थोड्याच वेळात अप्पांना गाढ झोप लागली.