जहाजावरच्या लिलावातलं चित्र

समुद्रसहलीत जहाजावरच्या लिलावात बाबांनी ते चित्र घेतलं, तेही माझ्या भरवशावर. "फिजिक्सवाली लेक बरोबर आहे, मला कोण फसवणार?" असं ते शेजारच्या बाईंना सांगत होते. मी चित्रासोबतचं अस्सलपणाचं प्रमाणपत्र चाळलं आणि ऐटीत म्हटलं, "अस्सल आहे, बाबा. घ्या."

घरी आल्यावर भिंगातून पाहिलं. ब्रशचा एकही फटकारा नव्हता. नुसते छापील ठिपके, चार रंगांचे, शिस्तीत.

बाबांना न सांगता मी भिंग खणात ठेवलं. पाहुणे आले की बाबा विचारायचे, "काय गं, अस्सल ना?" मी मान खाली घालून हो म्हणायचे.

मग चोरून पुन्हा भिंग लावायचे. दर वेळी ठिपके कमी असायचे. पुढे रंगाला जाडी आली. एका ठिकाणी ब्रशचा केस चिकटलेला दिसला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

आज बाबांनी मला भिंगासकट पकडलं.

"अजून तपासतेस? खोटं असलं तरी सांग गं. मी रागावणार नाही."

"अस्सल आहे, बाबा."

ते हसले. "मग ही सही बघ," म्हणत त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मी भिंग तिथे नेलं. सही खऱ्या रंगातली होती. बाबांच्या बोटावर रेषा नव्हत्या. तेच चार रंगांचे छापील ठिपके होते, आणि ते मनगटाकडे सरकत होते.