कुठला दिवा कुठं

जुळे सोलापुरातल्या नव्या फ्लॅटमध्ये दिव्यांच्या जागा ठरवायच्या होत्या. वायरमन सिद्धराम भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करत फिरत होता. हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झालेले गंगाधरराव पाठीशी हात बांधून त्याच्यामागं चालले होते. पण सिद्धराम विचारायचं ते सगळं त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना विचारत होता.

"वैनी, भाजी कुटं बसून चिरता?"

"बसून कुठली? ओट्याशी, उभ्यानं. आणि दिवा कायम पाठीमागं. बत्तीस वर्षं स्वतःच्याच सावलीत चिरतेय मी." यशोदाबाई हसल्या.

सिद्धरामही हसला. वरच्या कपाटाखाली दिव्यांची पट्टी लावू म्हणाला, उजेड थेट हातावर पडेल. गंगाधररावांना ते हसणं टोचलं. घरात ही इतकी मोकळी कधी हसली होती, ते त्यांना आठवेना.

झोपायच्या खोलीत पिवळा, मंद दिवा हवा, असं यशोदाबाईंनी सांगितलं. त्यांना पहाटे चारलाच जाग येते. ट्यूब लावली तर यांची झोप मोडते, म्हणून त्या अंधारात नुसत्या पडून असतात. गंगाधरराव इतकी वर्षं समजत होते, बायको सहापर्यंत गाढ झोपते.

न्हाणीच्या पायरीशी त्या चाचपत थांबल्या, तसं सिद्धरामनं का म्हणून विचारलं. "इथं एक बारका दिवा राहू दे. डाव्या डोळ्यानं मला नीट दिसत नाही. वर्ष होऊन गेलं."

सिद्धरामनं मान हलवली. त्याच्या आईचंही तसंच झालं होतं. ऑपरेशन केलं, आता म्हातारी सुईत दोरा ओवते. डॉक्टर कोण, पट्टी किती दिवस, असं दोघं बोलत उभे राहिले. गंगाधरराव दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखे भिंतीला टेकून ऐकत होते. बत्तीस वर्षांत त्यांच्या कानावर आलं नाही ते या माणसाला अर्ध्या तासात कळलं होतं. त्यांचा जळफळाट झाला.

"पुरे झालं हे," ते पुढं होऊन म्हणाले. "सगळ्या खोल्यांत पांढऱ्या ट्यूबा लावा. जमत नसेल तर मी दुसरा माणूस बघतो."

सिद्धरामनं पेन्सिल कानावर ठेवली. "तुमचं बी विचारणारच हुतो की, साहेब. तुमी वाचता कुटं?"

गंगाधरराव आठवू लागले, तोवर यशोदाबाईंनीच उत्तर दिलं. खिडकीकडं पाठ करून बसतात. उजेड डाव्या खांद्यावरून लागतो. समोरून आला की कपाळ दुखतं, मग कुणाशी बोलत नाहीत. सिद्धरामनं कानावरची पेन्सिल काढून खिडकीपाशी तशी खूण केली.

सिद्धराम ड्रिल आणायला खाली गेला. रिकाम्या हॉलमध्ये दोघंच उरले. बाहेर ऊन उतरलं होतं.

"डोळ्याचं मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं," यशोदाबाई म्हणाल्या.

गंगाधरराव बायकोच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"इथनं दिसतोय का मी?"

यशोदाबाईंनी मान वळवली नाही. "कुणीतरी उभं आहे," त्या म्हणाल्या, "एवढं कळतंय."